भाजण्याआधीचे वजन

२०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले, तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरात पुराचे पाणी शिरण्याची भीती नव्हती. मला घोर लागला होता तो फिशटँकखालच्या कपाटातल्या एका बाटलीचा. रीफ टँकसाठी, म्हणजे जिवंत प्रवाळाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, मी विकत आणत असे ते अल्कलिनिटीचे तयार द्रावण तिच्यात जेमतेम दोन बोटे उरले होते आणि नवी बाटली महामार्गावर कुठेतरी ट्रकमध्ये अडकून पडली होती. अर्धे शहर पिण्याच्या पाण्याच्या टँकरकडे डोळे लावून बसलेले असताना असली चिंता चारचौघांत बोलून दाखवणे शोभणारे नव्हते, म्हणून मी ती कुणाला सांगितली नाही आणि स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्याकडे वळलो. तेव्हापासून हे द्रावण मी घरीच करतो. कृती सोपी आहे. पण सोप्या कृतीतही मी दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा चूक वजनाची होती, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवतो. अल्कलिनिटीला मराठीत काही जण क्षारता म्हणतात, परंतु शाळेच्या भूगोलात सागरजलाची क्षारता म्हणजे पाण्यातल्या एकूण मिठाचे प्रमाण, आणि त्याचा या विषयाशी संबंध फार थोडा आहे. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, आणि समुद्राच्या पाण्यात ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेट व कार्बोनेट यांच्यामुळे येते. सामू, म्हणजे पीएच, ही आणखी तिसरीच गोष्ट. म्हणून मी या लेखात अल्कलिनिटी हाच शब्द ठेवतो आणि मोजमाप डीकेएच या एककात देतो. नैसर्गिक समुद्रजलात अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. मी माझ्या टाकीत ती ८ च्या जवळ राखतो.

माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. दगड-वाळूने अडवलेली जागा वजा करून आणि खालच्या सम्पमधले, म्हणजे तिला जोडलेल्या दुसऱ्या टाकीतले, पाणी मिळवून एकूण पाणी सुमारे २०० लिटर भरते. तिच्यात मॉन्टिपोरा, हॅमर आणि झोअँथस या जातींचे प्रवाळ (मॉन्टिपोराचे दोन तुकडे, एक हॅमर, थोडे झोअँथस) आणि दगडांवर पसरलेले जांभळे कोरलाइन शेवाळ आहे. प्रवाळाचे हे तुकडे परदेशातल्या प्रवाळशेतीत वाढवलेले आणि कागदपत्रांसह आलेले आहेत. आपल्याकडे अधूनमधून कुणीतरी मालवणहून येताना प्रवाळाचा तुकडा आणू का, असे उत्साहाने विचारते, त्यांच्यासाठी सांगून ठेवतो की तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो, म्हणजे चुनखडीचाच. त्यासाठी तो पाण्यातून कॅल्शियम उचलतो आणि बायकार्बोनेटही उचलतो, आणि दोन्हींचे प्रमाण ठरलेले असते: अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरली की कॅल्शियम सुमारे ७ पीपीएमने (दहा लाखांत सात भागांनी) उतरते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४०० पीपीएमच्या वर असल्यामुळे त्यातले सात गेल्याचे जाणवत नाही, पण सात-आठ डीकेएचमधून एक गेला तर तो मोठा घाटा असतो. म्हणूनच कॅल्शियम आठवड्याने तपासले तरी चालते, अल्कलिनिटीला मात्र तेवढी सवलत देता येत नाही. टाकी दिवसाला किती खाते हे काढण्याची रीत साधी आहे. द्रावण घालणे एक दिवस पूर्ण थांबवायचे आणि दोन दिवस सकाळी एकाच वेळी तपासणी करायची. माझ्याकडे पहिल्या सकाळी ८.४ आले आणि दुसऱ्या सकाळी ७.६. म्हणजे रोजचा खर्च ०.८ डीकेएच.

घरगुती द्रावणाची जी कृती जगभर वापरली जाते ती अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ले यांनी २००६ मध्ये मांडलेली आहे: ५९४ ग्रॅम खाण्याचा सोडा भाजून घ्यायचा आणि एक अमेरिकी गॅलन पाण्यात विरघळवायचा. गॅलनचा आपल्याला उपयोग नाही. ३.७८५ लिटरने भागले की लिटरला १५७ ग्रॅम सोडा पडतो, आणि एवढाच आकडा मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे १.८७ मिलिइक्विव्हॅलंट अल्कलिनिटी असते. हा शब्द जड वाटला तर त्याचा हिशेब असा लक्षात ठेवावा की २०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला ३८ मिली द्रावण लागते. माझ्या टाकीचा रोजचा ०.८ चा खर्च भरून काढायला ३० मिली पुरते आणि एक लिटरची बाटली महिनाभर जाते. सोड्याचा खर्च काढण्यात अर्थ नाही; तयार बाटलीच्या नुसत्या कुरिअरमध्ये वर्षाचा सोडा येईल.

आता पहिली चूक. पुराच्या त्या दिवसांत भाजत बसण्याइतका धीर मला नव्हता. सोडा शेवटी पाण्यातच जाणार, मग आधी भाजायचा कशाला, असा शहाणपणा करून मी १५७ ग्रॅम सोडा तसाच एक लिटर पाण्यात ओतला आणि बाटली खळाखळा हलवली. वरचे पाणी नितळ झाले, तळाशी बोटभर पांढरा थर बसला, आणि तो हळूहळू विरघळेल अशी मी स्वतःची समजूत घातली. तो विरघळणार नव्हताच. २० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात खाण्याचा सोडा सुमारे ९६ ग्रॅमच मावतो आणि पाणी थोडे गरम असले तरी त्यात फार फरक पडत नाही. मी रोज वरचे नितळ द्रावण ३० मिली मोजून घालत राहिलो, प्रत्यक्षात टाकीला ०.८ ऐवजी ०.५ च मिळत राहिले, आणि पाच दिवसांत अल्कलिनिटी ८ वरून ६.५ वर आली. नशीब एवढेच की द्रावण कमी पडते आहे असे वाटून मी ती बाटली शेवटी तळापासून हलवून ओतली नाही, नाहीतर उरलेला गाळ एकदम टाकीत गेला असता. चढ फार वेगाने झाली तर प्रवाळाच्या टोकांवरचे मांस जळाल्यासारखे निघून पांढरा सांगाडा उघडा पडतो. म्हणून दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवायचे नाही, हा नियम मी पाळतो. ६.५ वरून ८ वर यायला तेव्हा तीन दिवस घेतले.

भाजण्याचे कारण इथेच आहे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो तापवला की त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे सोडियम कार्बोनेट राहते, ज्याला कारखान्यांच्या भाषेत सोडा ॲश म्हणतात. हे त्याच २० अंशांना लिटरला २०० ग्रॅमहून अधिक विरघळते, त्यामुळे दुप्पट दाट द्रावण करता येते. ज्याला भाजायचे नसेल त्याने लिटरला ७८ ग्रॅम कच्चा सोडा घ्यावा आणि द्रावण दुप्पट घालावे. ते चांगले विरघळते आणि टाकीला तितकेच मानवते. फरक सामूचा आहे. भाजलेल्या सोड्याचे द्रावण टाकीचा सामू वर नेते, कच्च्याचे किंचित खाली आणते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पावसामुळे खिडक्या बंद असतात, घरातल्या माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घरातच साठतो, तो टाकीच्या पाण्यात उतरतो आणि सामू ७.८ पर्यंत घसरतो. म्हणून पावसाळ्यात मी भाजलेलाच वापरतो. एप्रिल-मे मध्ये घर दिवसरात्र उघडे असते तेव्हा कच्चाही चालतो.

सोडा मी लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानातून आणतो. पाकिटावर सोडियम बायकार्बोनेट एवढेच घटक लिहिलेले पाहून घ्यावे. बेकिंग पावडर चालत नाही, कारण तिच्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेले असतात. पापडखार आईने मोठ्या विश्वासाने पुढे केला होता. तोही क्षारच आहे हे तिचे म्हणणे बरोबर होते, पण त्यात नेमके काय किती हे दर दुकानागणिक बदलते आणि इथे सगळा कारभार ग्रॅमवर चालतो. धुण्याच्या सोड्याच्या खड्यांचेही तसेच: त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी असते.

ओटीजी असेल तर पसरट ट्रेमध्ये पातळ थर करून १५० अंशांना तासभर ठेवावा. आमच्याकडे तो नाही, म्हणून मी स्टीलच्या जाड बुडाच्या कढईत भाजतो. ॲल्युमिनियमची कढई नको, कारण सोडा तिला खातो. आणि तांब्या-पितळेच्या भांड्याला तर या कामात हातही लावू नये, कारण प्रवाळाला आणि कोळंबीला तांब्याचा अंशही घातक असतो. सोडा भाजताना एकदा तरी जवळ उभे राहून पाहावे. सुरुवातीला पूड नेहमीसारखी जड असते. कढई तापली की तिचा ढीग आपोआप सपाट होतो आणि उलथने फिरवले की ती पाण्यासारखी हेलकावे घेते. मग मधूनमधून लापशी शिजावी तसे बुडबुडे येऊन फुटतात आणि फुटलेल्या जागी बारीक खळगा पडतो. हे सगळे खालून निघणाऱ्या वाफेचे आणि वायूचे काम. आईने पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा विचारले, “अरे, सोडा उकळतोय की काय?” मी म्हटले, “उकळत नाही आई, त्यातला वायू जातोय.” त्यावर ती म्हणाली, “भज्यांना ठेव थोडा, सगळा जाळू नकोस.” पाऊण तासाने बुडबुडे थांबतात, पूड पुन्हा निपचित पडते आणि उलथन्याला जड लागते. तिची धूळ नाकात गेली तर चांगलीच झोंबते, म्हणून या वेळी मी तोंडाला रुमाल बांधतो.

शंभर ग्रॅम सोडा पुरता भाजला गेला की ६३ ग्रॅम उरतो. म्हणजे १५७ ग्रॅमचे ९९ ग्रॅम होतात. इथेच बहुतेक जण, आणि दुसऱ्या खेपेला मीही, एक वरवर बिनचूक दिसणारी चूक करतात: मोठा घाणा एकदम भाजून डब्यात भरून ठेवायचा आणि दर महिन्याला त्यातला ९९ ग्रॅम मोजून घ्यायचा. २०२२ च्या मे महिन्यात मी असा किलोभर सोडा भाजून ठेवला. जूनपर्यंत सगळे सुरळीत चालले. ऑगस्टच्या बाटलीनंतर मात्र अल्कलिनिटी रोज थोडी थोडी उतरू लागली, आणि मी आठवडाभर दोष टाकीतच शोधत राहिलो. प्रवाळ वाढले असतील, शेवाळ वाढले असेल, कदाचित तपासणीचे किटच जुने झाले असेल, असे सगळे तर्क करून झाले. दोष डब्यात होता. सोडियम कार्बोनेट हवेतली ओल धरते आणि कोल्हापूरच्या ऑगस्टात ओलीला तोटा नाही. डब्याचे झाकण मी दर वेळी घट्ट लावत होतो असेही नाही. या पुडीच्या प्रत्येक रेणूने पाण्याचा एक-एक रेणू धरला की १०६ ग्रॅमची ती १२४ ग्रॅम होते, आणि मग काट्यावर ९९ दिसत असले तरी खरा माल ८५ च्याही खाली असतो. काटा खरे बोलत होता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

तेव्हापासून मी वजन भाजण्याआधी करतो. पाकीट फोडायचे, कोरडा कच्चा सोडा १५७ ग्रॅम मोजायचा, तेवढाच भाजायचा आणि कढईतला शेवटचा कणसुद्धा बाटलीत घालायचा. या रीतीची खुबी अशी की भाजणे थोडे अपुरे राहिले तरी द्रावणाच्या ताकदीत फरक पडत नाही. भाजताना जो वायू आणि जी वाफ निघून जाते तिच्याबरोबर अल्कलिनिटी जात नाही. ती सगळीच्या सगळी मागे राहिलेल्या पुडीत असते. १५७ ग्रॅम कच्च्या सोड्यात जेवढी, तेवढीच त्यापासून झालेल्या ९९ ग्रॅममध्ये. भाजणे अर्धवट झाले तर फार तर विरघळायला वेळ लागेल आणि सामू किंचित कमी चढेल. भाजल्यानंतरचे वजन मी आजही पाहतो, पण ते फक्त भाजणे पुरे झाले की नाही हे कळावे म्हणून.

पाणी आरओचे, आणि टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण, शक्य तितके शून्याच्या जवळ. घरच्या पिण्याच्या पाण्याच्या यंत्रात चव यावी म्हणून खनिजे परत मिसळण्याची सोय असते, ती बंद करून पाणी घ्यावे. एकदा घाईत मी बोअरचे पाणी घेतले, तर पूड पडताच बाटली ताकासारखी गढूळ झाली, कारण त्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेटशी संयोग पावून साक्यासारखे खाली बसले. ती बाटली मी सरळ मोरीत ओतली.

विरघळवताना क्रम महत्त्वाचा असतो: आधी पाणी, मग पूड. पाऊण लिटर पाणी भांड्यात घेऊन ते ढवळत ढवळत पूड चिमटी-चिमटीने सोडावी. भांडे हाताला कोमट लागते, कारण भाजलेला सोडा पाण्यात पडताना उष्णता देतो. याच्या उलट, पूड आधी घालून वर पाणी ओतले तर तळाशी तिचा दगडासारखा खडा बसतो, आणि तो चमच्याने फुटत नाही. मी एकदा असा खडा फोडताना काचेचे भांडे फोडले. सगळे विरघळले की पाणी घालून एक लिटर पुरे करायचे आणि थंड झाल्यावर प्लास्टिकच्या बाटलीत भरायचे. फ्रिजमध्ये ठेवायचे नाही, गार होताच त्यात खडे धरू लागतात. कोल्हापूरच्या डिसेंबरच्या रात्री तेवढ्या थंड नसतात, कपाटात द्रावण वर्षभर नितळ राहते.

बाटली भरली तरी लगेच टाकीला द्यायची नाही. एक लिटर आरओ पाण्यात नव्या द्रावणाचा १ मिली सिरिंजने मोजून घालायचा, ढवळायचा आणि नेहमीच्या किटने त्या पाण्याची अल्कलिनिटी काढायची. द्रावण ठीक असेल तर ५.२ च्या आसपास उत्तर येते. थेंबागणिक १ डीकेएच मोजणाऱ्या साध्या किटनेही पाचव्या-सहाव्या थेंबाला रंग पालटला की निर्धास्त व्हावे. ओल धरलेल्या डब्यातल्या द्रावणाचे उत्तर ४.६ आले होते. ही पाच मिनिटांची परीक्षा मला आधी सुचली असती तर त्या ऑगस्टमधला आठवडा वाया गेला नसता.

द्रावण मी सम्पमध्ये, जिथे वरून पाणी जोरात पडते तिथे, पहाटेच्या वेळी डोसिंग पंपाने, म्हणजे मोजून द्रावण सोडणाऱ्या छोट्या पंपाने, थोडे थोडे सोडतो. रात्रभर प्रकाश नसल्यामुळे पहाटे टाकीचा सामू सगळ्यात खाली असतो आणि भाजलेल्या सोड्याचा तेव्हाच खरा उपयोग होतो. जिथे थेंब पडतो तिथे क्षणभर पांढरा धूर उठतो आणि विरतो, त्याची काळजी करू नये. धूर विरतच नसेल तर मात्र वेग कमी करावा, नाहीतर तोच कार्बोनेट हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पुटासारखा बसतो. तो काढायला साधे व्हिनेगर पुरते.

कॅल्शियमची बाटली वेगळी असते. तिच्यासाठी लिटरला १३२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट घेतले की दोन्ही द्रावणे बरोबरीने, ३० ला ३० मिली, घालता येतात. ही दोन द्रावणे एकाच जागी, एकाच वेळी पाण्यात कधीही सोडू नयेत; मी कॅल्शियम संध्याकाळी देतो. या जोडीचा एक परिणाम सहज विसरला जातो. प्रवाळ कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन टाकतो, मागे सोडियम आणि क्लोराइड राहते, म्हणजे साधे मीठ. माझ्या हिशेबाने रोज सव्वातीन ग्रॅमच्या वर, महिन्याला सुमारे १०० ग्रॅम. २०० लिटरमध्ये ते दर हजारी अर्ध्याने क्षारता वाढवते, आणि इथे क्षारता हा शब्द भूगोलातल्या अर्थाने घ्यावा. पाणी बदलण्याच्या दिवशी मी रिफ्रॅक्टोमीटरने ती पाहतो, आणि ३५ च्या वर गेलेली असेल तर नव्या पाण्यात तेवढे मीठ कमी घालतो.

दोन्ही बाटल्या दिसायला एकसारख्या, दोन्ही पाण्यासारख्या नितळ, म्हणून अल्कलिनिटीच्या बाटलीला मी लाल चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर तारीख, १५७ हा आकडा आणि परीक्षेचे उत्तर लिहितो. सध्याच्या बाटलीवर ५.२ आहे. कढईला आईने वेगळे नाव दिले आहे, “माशांची कढई”, आणि ती आता मांडणीवर बाकीच्या भांड्यांत ठेवली जात नाही.